इंग्लंडमधल्या खेड्याचा आणि घराण्याचा इतिहास: पॅरिशचे कागद कसे शोधावेत, कसे वाचावेत

ट्रेंटकाठ

इंग्लंडमधल्या खेड्यांत राहायला गेलेले बरेच मराठी लोक आता विचारतात, की आपल्या घराचा, गल्लीचा, चर्चच्या आवारातल्या थडग्यांचा माग कसा काढायचा. काहींच्या घरात इंग्रज सून किंवा जावई आहे आणि त्या बाजूची वंशावळ हवी आहे. दोन्ही कामं शेवटी पॅरिशपाशीच येतात, म्हणून हा धागा. उदाहरणं शक्यतो नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनची घेईन, पण पद्धत कुठल्याही खेड्याला लागू पडेल.

पॅरिश म्हणजे चर्चचा इलाखा एवढंच समजू नका. गरिबांना मदत, रस्त्यांची डागडुजी, अनौरस मुलांचा खर्च, गावचा कॉन्स्टेबल, हे सगळं शतकानुशतकं पॅरिशकडे होतं. त्यामुळे एका खेड्याचे कागद पाच-सहा दप्तरांत विखुरलेले असतात. एकच दप्तर उघडून नाव सापडलं म्हणून थांबलात तर निम्म्या वेळा भलताच माणूस हाती लागतो. हे पहिल्याच प्रतिसादात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

सुरुवात अशी करा:

१. गाव नक्की कोणत्या पॅरिशमध्ये येत होतं ते आधी ठरवा. लॅक्स्टन पॅरिशमध्ये मूरहाउस नावाची वाडी आहे आणि तिचं वेगळं उपचर्च आहे. वाडीतल्या माणसाची नोंद मुख्य चर्चमध्ये असेल असं गृहीत धरू नका.

२. पॅरिश कोणत्या डायोसीसखाली, म्हणजे कोणत्या बिशपच्या इलाख्यात होतं ते बघा, आणि ते कधी बदललं तेही. नॉटिंगहॅमशर १८३७ पर्यंत यॉर्कखाली, मग लिंकनखाली आणि १८८४ पासून साउथवेलखाली आलं. जुनी मृत्युपत्रं आणि बिशपकडे गेलेल्या नकला त्यामुळे भलत्याच शहरात सापडतात.

३. शेजारची सगळी पॅरिश नकाशावर खुणा करून ठेवा. माणसं लग्नाला, चाकरीला दहा-पंधरा मैल सहज जायची. आपल्या पॅरिशमध्ये नोंद नाही याचा अर्थ बहुतेक वेळा ती शेजारी आहे.

४. आजच्या माणसापासून मागे जा. सोळाव्या शतकातल्या कुणा सरदारापासून खाली यायला लागलात की कागद आपल्याला हवं तेच सांगायला लागतात.

---

अनघा_के

वाचनखूण साठवली. पॅरिश रजिस्टर नक्की कधीपासून मिळतात? एका संकेतस्थळावर १५३८ दिसतं, पण आमच्या गावच्या नोंदी १६५३ ला अचानक तुटतात.

---

जुनीवही

१५३८ बरोबर आहे. त्या वर्षी आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवायचा हुकूम दिला. पण सुरुवातीच्या नोंदी कागदावर होत्या आणि बऱ्याच गेल्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितलं, निदान एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून, म्हणजे १५५८ पासूनच्या. म्हणूनच पुष्कळ रजिस्टरांची पहिली पानं एकाच हस्ताक्षरात दिसतात. ती नक्कल आहे हे लक्षात ठेवा. नक्कल करणाऱ्याची चूक त्यात उतरलेली असते.

१६४९ ते १६६० हा राजाविना काळ. त्यात १६५३ पासून नोंदी ठेवायला गावाने निवडलेला बिगर-चर्च माणूस आला आणि बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिहायला सांगितलं. कुठे ते नीट झालं, कुठे वही कोरीच राहिली. तुमच्याकडची तूट त्यामुळे असणार. अशा वेळी बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या नकला बघायच्या. त्यांना बिशप्स ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. पण त्या सात वर्षांत त्याही जवळजवळ नाहीतच. मग मृत्युपत्रं आणि मॅनर कोर्टाचे, म्हणजे गावच्या जहागिरीच्या कोर्टाचे, कागद एवढाच आधार उरतो.

पुढचे टप्पे:

१७५४, २५ मार्चपासून: हार्डविकचा विवाह कायदा. क्वेकर आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न करणं भाग पडलं. छापील नमुना आला. नवरा-नवरीची सही किंवा फुलीची खूण आणि दोन साक्षीदार आले. साक्षीदार नीट बघा, ते बहुतेक वेळा भाऊ-बहीण असतात. मात्र तेच नाव प्रत्येक पानावर येत असेल तर तो पॅरिशचा क्लार्क. नात्यात धरू नका.

१७८३ ते १७९४: प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर. गरिबांना माफी होती, म्हणून नावापुढे पी (पॉपर, म्हणजे गरीब) हे अक्षर दिसतं. कर सुरू व्हायच्या आधी एकाच दिवशी तीन-चार भावंडांचा बाप्तिस्मा उरकलेला दिसला तर ती जुळी-तिळी नव्हेत.

१८१३, १ जानेवारीपासून: बाप्तिस्मा आणि दफनासाठी छापील वह्या, पानाला आठ नोंदी. बापाचा व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण आलं, दफनात वय आलं. संशोधकाला इथून पुढे मोकळा श्वास घेता येतो.

१८३७, १ जुलैपासून: सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी. पण जन्म न नोंदवल्याचा दंड १८७५ पासून खऱ्या अर्थाने लागू झाला, त्यामुळे त्याआधीची काही मुलं सरकारी यादीत नसतात. बाप्तिस्म्यात असतात.

---

अनघा_के

तीच वही बघताना एक विचित्र गोष्ट दिसली. लग्न १० मे १७२३ ला आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा २ फेब्रुवारी १७२३ ला! लग्नाआधीच मूल?

---

जुनीवही

नाही. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं. मे १७२३ नंतर डिसेंबर १७२३, मग जानेवारी आणि फेब्रुवारीही १७२३ च. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२४ चा. लग्नानंतर जवळजवळ नऊ महिने झाले. टिपणात २ फेब्रुवारी १७२३/२४ असं दोन्ही वर्षं देऊनच लिहा. नुसतं १७२४ लिहिलंत तर पुढच्या माणसाला कळणार नाही की तुम्ही दुरुस्ती केली आहे की वहीतच तसं आहे, आणि तो पुन्हा एक वर्ष वाढवून बसेल.

१७५२ मध्येच २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्या मधल्या तारखा दिसल्या तर वाचनात चूक आहे.

---

मोडीवाचक

हस्ताक्षराबद्दल. सोळाव्या-सतराव्या शतकातलं सेक्रेटरी वळण (तेव्हाची घसरती इंग्रजी लिपी) बघून घाबरू नका. मोडी शिकलेल्याला ही युक्ती आधीच ठाऊक असते: आधी खात्रीचे शब्द शोधायचे आणि त्यांतली अक्षरं वळणासकट वेगळी काढून घ्यायची. रजिस्टरमध्ये असे शब्द दर ओळीत असतात. बाप्तिस्मा, मुलगा, मुलगी, दफन आणि महिन्यांची नावं. त्यांतून त्या लेखकाची बाराखडी कागदावर मांडा आणि मगच आडनावाकडे या. उलट केलंत तर आडनाव आपल्या मनातलंच दिसायला लागतं.

नेमके सापळे:

सात हा आकडा आणि पुढे बेर, असं लिहिलेलं असतं. तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात. तसाच आठ-बेर ऑक्टोबर, नऊ-बेर नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली घालून बेर म्हणजे डिसेंबर. इथे चुकलात तर दोन महिन्यांचा फरक पडतो आणि दफन बाप्तिस्म्याच्या आधी येऊन बसतं.

लॅटिन नोंदींत जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. फिलियस मुलगा, फिलिया मुलगी. रोजच्या बोलण्यात त्या माणसाला कुणी जेकोबस म्हणत नव्हतं, म्हणून वंशावळीत ते नाव घालू नका.

नात्याचे शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका. सन-इन-लॉ लिहिलं असेल तर तो सावत्र मुलगाही असू शकतो. कझिन हा तर कुठल्याही नातेवाइकाला लावलेला शब्द. सीनियर-ज्युनियर म्हणजे बाप-लेकच असं नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघं, त्यांतला मोठा आणि धाकटा, एवढाच त्याचा अर्थ. ऑफ धिस पॅरिश यावरही फार विसंबू नका. बॅन्ससाठी, म्हणजे लग्नाआधी चर्चमध्ये होणाऱ्या घोषणेसाठी, थोडे आठवडे येऊन राहिलेलाही या पॅरिशचाच लिहिला जायचा.

आडनावाचं स्पेलिंग पाद्र्याच्या कानावर अवलंबून. निरक्षर माणसाने उच्चार केला, याने ऐकू आला तसा लिहिला. हॅरिसचा ह गळून अ‍ॅरिस होतो आणि मग तो यादीत एचखाली सापडतच नाही. शोधताना पहिलं अक्षर बदलून बघाच.

---

परागंदा

मला तीन जॉन सापडले आहेत. तेच आडनाव, तेच गाव, १७७१ ते १७७८ च्या दरम्यान बाप्तिस्मा. आमचा कुठला हे कसं ठरवायचं? ऑनलाइन वंशावळींत पंधरा जणांनी १७७४ वाला घेतला आहे.

---

ट्रेंटकाठ

पंधरा जणांनी घेतला याला काही किंमत नाही. चौदा जणांनी पहिल्याचं उचललेलं असतं.

आधी तिघांची दफनं शोधा. लहानपणी मेलेल्याचं नाव पुढच्या भावाला देण्याची पद्धत सर्रास होती. बाप तोच असेल आणि जॉन दोन असतील, तर पहिला बहुतेक गेलेला. त्याची दफनाची नोंद मिळाली की तो यादीतून बाद. मग उरलेल्या प्रत्येकाचं लग्न, मुलं आणि मृत्यू स्वतंत्र कागदावर मांडा. तिघांचेही. फक्त आपल्याला हवा असलेल्याचे नव्हे. प्रत्येक नोंद कुणाच्या तरी खात्यात बसलीच पाहिजे. एखादी नोंद दोन खात्यांत बसत असेल तर तिच्यावर काहीही उभं करू नका.

त्यानंतर मृत्युपत्रं. १२ जानेवारी १८५८ च्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात सिद्ध होत. वरच्या पातळीची कँटरबरीची, तिची नक्कलबुकं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रॉब ११ या मालिकेत आहेत. उत्तरेकडची यॉर्कची. साधा शेतकरी बहुतेक वेळा खालच्या, आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या) किंवा बिशपच्या कोर्टात सापडतो. बापाच्या मृत्युपत्रात जॉन हयात आहे का, त्याला मुलं आहेत का, हे एका ओळीत कळतं आणि तीन महिन्यांचं काम संपतं. १८५८ नंतर सगळं सरकारकडे गेलं आणि दरवर्षीची एकच देशभराची यादी आहे. डेव्हनच्या लोकांना मात्र वाईट बातमी आहे: तिथली जुनी मृत्युपत्रं १९४२ च्या बाँबहल्ल्यात एक्सेटरमध्ये जळाली.

---

चौकट_राजा

जनगणनेबद्दल थोडं. नावं १८४१ पासून मिळतात. तेव्हा पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवलं आहे. चाळीस लिहिलं असेल तर माणूस चाळीस ते चव्वेचाळीस. नातं लिहिलेलं नाही, एकाच घरातली बाई बायको की बहीण हे त्यावरून ठरत नाही. नावांच्या शेजारी तिरप्या रेघा असतात: एक रेघ म्हणजे कुटुंब संपलं, दोन म्हणजे घर संपलं. छापून घेताना त्या पुसट होतात, म्हणून पडद्यावर मोठं करून बघा.

१८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माचं पॅरिश येतं. एकाच माणसाचं जन्मठिकाण दहा-दहा वर्षांनी वेगळं दिसेल, कारण दूर राहायला गेलेला माणूस जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगतो. खेड्याचं सगळ्यात नेमकं नाव जिथे आहे ती नोंद जास्त विश्वासाची.

१९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना १९४२ मधल्या आगीत गेली, १९४१ ला झालीच नाही. म्हणून २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर महत्त्वाचं. १९२१ आणि त्याच्यामध्ये दुसरं काही नाही.

सरकारी नोंदणीच्या यादीत खेड्याचं नाव शोधू नका. तिथे नोंदणी-जिल्ह्याचं नाव असतं, आणि तो जिल्हा बहुधा गरीब-कायद्याच्या युनियनवरून (गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेल्या पॅरिशांच्या गटावरून) पडलेला असतो. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन यादीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलं आहे. जुन्या छापील यादीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. त्या एका रकान्याने मेलेली लहान भावंडंही गोळा करता येतात.

---

मोजणीदार

आता जमीन. ज्यांना घराचा किंवा गावाचा इतिहास हवा आहे त्यांनी टाइथ नकाशापासून सुरुवात करा. टाइथ म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. १८३६ च्या कायद्याने तो धान्याऐवजी पैशात ठरवला आणि त्यासाठी गावोगाव मोजणी झाली. नकाशावर प्रत्येक तुकड्याला नंबर. सोबतच्या तक्त्यात त्या नंबरासमोर मालक, कसणारा, तुकड्याचं नाव, पीक की कुरण, क्षेत्र आणि आकार. सातबारा वाचता येणाऱ्याला हा तक्ता शिकवावा लागत नाही.

क्षेत्र एकर, रूड, पर्च असं असतं. ४० पर्चचा एक रूड, ४ रूडचा एक एकर. आपल्या हिशेबात रूड म्हणजे बरोबर १० गुंठे आणि ४ पर्च म्हणजे एक गुंठा. योगायोग नाही. दोन्ही मापं ६६ फुटी साखळीच्या घराण्यातली. गुंठा ३३ फूट चौरस म्हणजे अर्धी साखळी चौरस, पर्च साडेसोळा फूट चौरस म्हणजे पाव साखळी चौरस. तेव्हा ३ एकर २ रूड १७ पर्च दिसलं की ३ एकर सव्वाचोवीस गुंठे म्हणून मोकळे व्हा.

नकाशाच्या तीन प्रती झाल्या: सरकारची, बिशपची आणि पॅरिशची. सरकारची क्यूला आहे, तक्ते आयआर २९ आणि नकाशे आयआर ३०. बाकीच्या बहुधा काउंटी रेकॉर्ड ऑफिसात.

नकाशाच सापडला नाही तर? मिडलँड्समध्ये हे फार होतं. तिथे अठराव्या शतकातच संसदेच्या कायद्याने मोकळी शेतं कुंपणात घेतली आणि त्याच वेळी टाइथच्या बदल्यात जमीन देऊन टाकली. मग १८३६ नंतर मोजायला काही उरलंच नाही. तिथे एन्क्लोजर अवॉर्ड, म्हणजे कुंपणात घेतलेल्या जमिनीच्या वाटपाचा दस्त, आणि त्याचा नकाशा मागा.

पुढचा टप्पा लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असतानाचं, जमिनीवरच्या करासाठी केलेलं १९१० नंतरचं मूल्यांकन. प्रत्येक घराची फील्डबुकं आयआर ५८ मध्ये आहेत: खोल्या किती, भिंत विटेची की दगडाची, छताची अवस्था काय, पाणी कुठून. साध्या मजुराच्या झोपडीचं एवढं वर्णन दुसरीकडे मिळत नाही. फील्डबुकात जायला आधी मूल्यांकनाच्या नकाशावरचा नंबर हवा, त्याशिवाय मागणी करू नका, दिवस वाया जातो. ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी नकाशा खात्याचे) पंचवीस इंची, म्हणजे मैलाला पंचवीस इंच प्रमाणाचे, जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, इंग्लंडचेही.

---

ट्रेंटकाठ

लॅक्स्टन या बाबतीत निराळं. तिथली मोकळी शेतं पूर्णपणे कुंपणात गेलीच नाहीत. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शेतं अजून पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात: एकात गहू, एकात वसंतातलं पीक, एक पडीक, आणि दरवर्षी चक्र पुढे. मॅनरचं कोर्टही अजून भरतं. हिवाळ्याच्या तोंडाला ज्युरी नुकत्याच गहू पेरलेल्या शेतात फिरून कुणी हद्द नांगरली का ते बघतात, खुंट्या ठोकतात आणि नंतर कोर्टात दंड होतो. १६३५ मध्ये मार्क पीयर्सने केलेला तिथला नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यातले पट्टे मनात ठेवून आजच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की मॅनरच्या कागदांतले शब्द पहिल्यांदा नीट कळतात.

दुसऱ्या गावांच्या मॅनरसाठी मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर बघा, ते नॅशनल आर्काइव्ह्जच्या शोधात आहे. कॉपीहोल्ड (मॅनर कोर्टाच्या नोंदीवर धारण केलेली) जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली की कोर्टाच्या वहीत नोंद व्हायची, आपल्या फेरफारासारखी. बाप मेला, मुलगा आला, असं स्पष्ट नातं लिहिलेलं मिळतं. १७३३ पर्यंत भाषा लॅटिन, पण साचा ठरलेला असतो. पहिल्या दोन नोंदी फोडल्या की पुढच्या वाचता येतात.

---

परागंदा

आमचा जॉन शेतमजूर होता. जमीन नाही, मृत्युपत्र नाही. मग?

---

जुनीवही

उलट मजुरावरच सगळ्यात जास्त लिहिलेलं मिळू शकतं. पॅरिशची पेटी शोधा. जुन्या चर्चमध्ये तीन कुलपांची लाकडी पेटी असायची, तिच्यातले कागद आता काउंटी रेकॉर्ड ऑफिसात असतात.

१६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांची जबाबदारी टाकली, १६६२ च्या कायद्याने आपले कोण हे ठरवलं. माणसाला मदत लागणार अशी शक्यता दिसली की दोन न्यायाधीशांसमोर त्याची जबानी व्हायची: जन्म कुठे, उमेदवारी कुणाकडे, कोणत्या शेतावर पूर्ण वर्ष चाकरी केली, पगार किती, लग्न कुठे, मुलं किती वर्षांची. निरक्षर मजुराचं अर्धं आयुष्य एका पानात. अविवाहित माणसाने पूर्ण वर्ष चाकरी केली की तिथे मदत मागायचा हक्क मिळायचा, म्हणून काही मालक ५१ आठवड्यांचाच करार करत. जबानीत वर्षाला थोडे दिवस कमी असा उल्लेख आला तर तो याचसाठी आहे.

हक्क दुसरीकडचा निघाला तर हकालपट्टीचा हुकूम निघे. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथलं ठरायचं, त्यामुळे गरोदर अविवाहित स्त्रियांना बाळंतपणाच्या आधी हद्दीपार नेलेलं दिसतं. त्या नोंदी वाचताना जीव कळवळतो. पण त्याच मुलांच्या बापाचं नाव रजिस्टरमध्ये नसलं तरी बॅस्टर्डी बाँडमध्ये (अनौरस मुलाच्या खर्चाच्या हमीपत्रात) असतं, कारण खर्च कुणाकडून तरी वसूल करायचा असे.

ओव्हरसियरच्या, म्हणजे गरिबांची मदत वाटणाऱ्या पॅरिशच्या अधिकाऱ्याच्या, हिशेबवह्या चाळा. बुटांच्या जोडीला किती, विधवेला आठवड्याला किती, शवपेटीला किती. शवपेटीची तारीख दफनाच्या नोंदीशी जुळवली की माणूस पक्का होतो.

१८३४ च्या नव्या गरीब-कायद्यानंतर हे युनियनकडे गेलं. साउथवेलला १८२४ चं वर्कहाउस (गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारी इमारत) अजून उभं आहे आणि बघता येतं. नव्या कायद्यापुढे तो एक नमुना होता.

---

किरकीकर

महाराष्ट्राशी थेट जोड असलेला एक मुद्दा. जनगणनेत इंग्लिश खेड्यातल्या मुलाचं जन्मठिकाण पूना, किरकी किंवा कुलाबा दिसलं तर त्याचा बाप बहुतेक सैन्यात किंवा कंपनीच्या नोकरीत. त्या बाप्तिस्म्याची नोंद पॅरिशमध्ये शोधू नका. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात एन ३ या मालिकेत आहेत. बंगालच्या एन १, मद्रासच्या एन २. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या फुकट यादीपासून सुरुवात करा. उलट दिशेनेही चालतं: पुण्यातल्या थडग्यावरच्या शिपायाच्या नावाची पाटी कधीकधी त्याच्या गावच्या चर्चच्या भिंतीवर सापडते.

---

अनघा_के

शेवटचा प्रश्न. चर्चच्या आवारातले दगड अजिबात वाचता येत नाहीत. खडू घासून बघू का?

---

मोडीवाचक

खडू नको, तारेचा ब्रश नको, दाढीचा फेस तर मुळीच नको. मऊ दगडाचा थर त्याबरोबर निघतो आणि उरलेलं अक्षरही जातं. दगडाला हातही न लावता वाचता येतं.

थडगी सहसा पूर्व-पश्चिम असतात, त्यामुळे अक्षरांची बाजू पूर्वेला किंवा पश्चिमेला. सूर्य बरोबर दक्षिणेला आला की ऊन त्या बाजूवरून घासत जातं आणि खोदलेल्या रेघांत सावली पडते. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून दुपारी एकच्या आसपास जा. दहा-पंधरा मिनिटंच मिळतात, आधीच कॅमेरा लावून थांबा. ढग असतील तर एकाने मोठी छत्री धरून दगडावर सावली करायची आणि दुसऱ्याने जोरदार टॉर्च दगडाच्या कडेला टेकवल्यासारखा आडवा धरायचा. डावीकडून एक फोटो, उजवीकडून एक, वरून एक. आकड्यांतले तीन आणि आठ, एक आणि सात एका फोटोत सारखे दिसतात, तीन फोटोंत नाही.

त्याआधी त्या काउंटीच्या फॅमिली हिस्टरी सोसायटीकडे चौकशी करा. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी सगळं आवार उतरवून ठेवलेलं असण्याची शक्यता चांगली आहे, आणि तेव्हा दगडावर आजच्यापेक्षा दोन ओळी जास्त होत्या.